ओल्या सिमेंटातलं नाव

हौ बाबा, तुमचंच खरं. लहान्याले डोकं अन् मले हात. पण हे ठरवलं कोणी? मी सातवीत नापास झालो तेव्हा तुम्ही मास्तरले भेटायले गेले नाही. दुसऱ्याच दिवशी लांजीच्या साइटवर माझ्या डोक्यावर तगारी ठेवली. लहान भावाले मात्र अंगात ताप असला तरी सायकलवर बसवून शाळेत सोडत होते.

घरचा ओटा बांधला तो दिवस आठवते का? रेती मी चाळली, माल मी कालवला. अन् ओटा ओला होता तेव्हा तुम्ही खिळा दिला लहान्याच्या हातात. "लिही रे बाबू, तुह्यं अक्षर चांगलं आहे." त्यानं स्वतःचंच नाव लिहिलं. मी पाहत उभा. तुम्ही म्हणाले, "तू काय पाहून राह्यला? उद्यापासून तराई कर." आठवडाभर मी त्याच्या नावावर पाणी मारलं, बाबा.

आता मी हैदराबादेत एका युनिव्हर्सिटीच्या सिव्हिल लॅबमध्ये आहे. काम तेच, फक्त छपराखाली. साच्यात काँक्रीट भरतो, सळईनं ठोसतो, ठोकळे टाकीतल्या पाण्यात ठेवतो. तराईच ते, इथं क्युरिंग म्हणतात. ठोकळ्यावर नाव शिकणाऱ्या पोराचं. मग मशीनमध्ये दाबून फोडतात, किती भार सोसला ते लिहून घेतात. "भैया, मेरा वाला अच्छे से भरना हां." मी भरतो. जळतो अन् भरतो.

परवा लहान्याचा फोन. "दादा, जबलपूरच्या कॉलेजात सिव्हिल भेटलं! फी भरा लागते, शुक्रवारच्या आत." मी म्हटलं, मशीन सुरू आहे, मंग बोलतो. मशीन कुठची सुरू, लाइटच नव्हती. तेव्हापासून पैसे खात्यात तसेच पडून आहेत. दुसरं काही भेटलं असतं त्याले तर एवढं झोंबलं नसतं. नेमकं सिव्हिलच! तिथं बी कोणी भैया असन, त्याचे ठोकळे भरून देणारा.

आज लॅबच्या मॅडमनं एका पोराले दारातूनच वापस पाठवलं. पायात चप्पल होती. ठोकळा पायावर पडला तर बोटं जातात, म्हणून बूट लागतात. मी चपलेतच भरत होतो, मले कोणी काही म्हटलं नाही. पण मले आपल्या लहान्याचे पाय दिसले. त्याच्यापाशी बी चपलाच आहेत.

मन साफ झालं असं नाही, खोटं काहून लिहू. त्याले सांगणार नाही, तुम्हालेच सांगतो, अजून जळतो. फीचे पंधरा हजार अन् बुटाचा एक, त्याच्या खात्यात सोळा हजार टाकून राह्यलो.