खिशात राहिलेला दगड

बाबा, तुम्ही बसने काहून जात नव्हता, एवढंच मला विचारायचंय. डांबरी रस्ता होता, सकाळची एसटी तुमच्या शाळेच्या फाट्यावर थांबायची, बाकीचे गुरुजी तिनेच यायचे. तुम्ही मात्र काळी सायकल काढायचे आणि डोंगरावरून. मी चौथीत असताना तुम्ही गेलात, तोपर्यंत मला मराठीत नाव लिहिण्यापलीकडे फारसं काही येत नव्हतं. मराठीच्या गुरुजींची पोरगी इंग्लिश मीडियमला, असं गल्लीतले लोक हसायचे आणि तुम्ही पण हसायचे. त्यामुळे यात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर लाल पेनाने गोल करू नका.

आईचं उत्तर ठरलेलं आहे. "तुझ्या फीपायी. बसचं भाडं वाचवून राहिले होते. त्या डोंगरानंच नेलं त्यांना." तुम्ही झोपेत गेलात, घरात, दिवाळीच्या सुट्टीत. डॉक्टर म्हणाले हार्ट. पण आईसाठी तो डोंगरच. ती हे मला टोचून बोलत नाही, भाजीत मीठ किती टाकलं हे सांगावं तसं सांगते. मला मात्र ते टोचत राहिलं. शाळेचा बेल्ट लावताना, नंतर कॉलेजचा फॉर्म भरताना, प्रत्येक वेळी मला तुमचा तो शर्ट दिसायचा, पाठीवर सुकलेल्या घामाची पांढरी रेघ असलेला. माझ्या इंग्लिशसाठी एक माणूस रोज डोंगर चढला आणि संपला, असं धरून मी मोठी झाले.

आणि बघा, पगार सुरू झाल्यावर मी घेतली काय, तर सायकलच. ग्रॅव्हल बाईक म्हणतात. हँडल रेसच्या सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर जाड, बारीक गाठी असलेले. मुरूम, माती, खडी, कशावरही चालते. तुम्ही असता तर आधी टायर दाबून बघितला असता. यात ट्यूबच नाही म्हटल्यावर तुमचा चेहरा कसा झाला असता, हे मला खरंच बघायचं होतं.

आधी मी कालव्याच्या कडेने फिरायचे. मग एकदा ॲपवर सॅटेलाइटचा नकाशा मोठा करताना औंढ्याकडच्या डोंगरावर एक बारीक पिवळी रेघ दिसली. आपल्या बाजूने चढते, खिंडीतून पलीकडे उतरते, आणि संपते कुठे, तर तुमच्या शाळेच्या गावात. मी ती रेघ आठवडाभर नुसती बघत होते.

त्या वाटेवर एक हॉर्न नाही, बाबा. एक मोटरसायकल नाही. सागाची वाळलेली पानं, पळस, कुठेतरी मोर ओरडतो, आणि टायरखाली मुरूम पापड मोडल्यासारखा कडकड करतो. मला तेरा गिअर आहेत तरी अर्ध्या चढावर माझा जीव तोंडाशी येतो. तुम्ही काय करायचे? हातात धरून ढकलायचे? कॅरिअरला वह्यांची पिशवी, हँडलला डबा, तो हलायचा का? मधे एक मोठी चिंच आहे, तिच्याखाली बसायला सपाट दगड आहे. तिथे बसायचे का? सैल मुरमावर पुढचं चाक घसरायला लागलं की अंग मागे न्यायचं, हे मी व्हिडिओ बघून शिकले. तुम्हाला कुणी शिकवलं? मी चढते कमी आणि विचारते जास्त.

खिंडीत पोचले तर दगडांची एक मोठी रास. मागे वळून बघितलं की सिद्धेश्वर धरणाचं पाणी चमकतं. परदेशातल्या व्हिडिओत रस्ता कळावा म्हणून असे दगड रचतात, म्हणून मला वाटलं तसंच काहीतरी असेल. राशीवर आरामात बसून मी केळं खाल्लं, फोटो काढला आणि खाली उतरले.

खाली पहिल्याच खळ्यावर हळद शिजत होती. एक तिशीतला माणूस वाफेत उभा होता. त्याची म्हातारी आई बाजेवर बसलेली.

"कुठून आल्या, ताई?"

"डोंगरावरून."

"रस्ता असून?" त्याने माझ्या सायकलीकडे बघितलं. "तसा एकच माणूस यायचा इकडं. आमचे गुरुजी."

मी म्हटलं, मी त्यांची मुलगी. त्याने हात धुतले, ते पिवळेच राहिले. म्हातारीने मला जवळ बोलावून नीट बघितलं. "डोळे बापाचेच हायेत. अन् डोकं बी बापाचंच दिसून राहिलं, नाहीतर एसटीनं आली असती."

मग तिने विचारलं, "खिंडीत दगड ठेवला का?"

"कुठला दगड?"

"आता गं बाई. चढताना जो दगड पायाला लागंल, चाकाखाली येईल, तो उचलायचा अन् वर रासेत ठेवायचा. जो जाईल त्यानं एक. देव हाय तो आमचा. वाट बी साफ राहते."

मी हळूच सांगितलं की मी त्याच्यावर बसून केळं खाल्लं. म्हातारी तोंडाला पदर लावून हसायला लागली, थांबेचना. "साल तर न्हाई ना टाकली तिथं?"

"नाही. खिशात आहे."

"घ्या. बाप खिशात दगड घेऊन उतरायचा, लेक साल घेऊन उतरली."

बाबा, तेव्हा मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. आई धुवायला टाकायच्या आधी तुमच्या पँटचे खिसे उलटे करतेय आणि ओट्यावर ठक ठक दगड पडतायत. "आता हे भाजून वाढू का तुम्हाला?" असं ती म्हणते, आणि तुम्ही नवीन मुलगा वर्गात पहिल्यांदा उभा राहतो तसे उभे. त्यातला एक दगड मी उचलून मांजरावर फेकायला गेले. तेव्हा तुम्ही माझा हात धरला होता. तुम्ही मला आयुष्यात तेवढं एकदाच रागावलात. "तो फेकायचा नाही. तो परत न्यायचाय." मग माझं तोंड बघून तो माझ्याच दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात ठेवला. "सोमवारी मला आठवण कर." सोमवारी मी उठायच्या आत तुम्ही निघून गेला होता. पुढच्या सोमवारीही. मग दिवाळीची सुट्टी लागली. तो दगड अजून माझ्याकडे आहे, आवळ्याएवढा, काळा, एका बाजूला पांढरा ठिपका. इतकी वर्षं मला माहीतच नव्हतं की तो कुठे परत न्यायचा होता.

मी त्या माणसाला विचारलं, गुरुजी दगड खाली का आणायचे?

"उचलायचे बराबर," तो म्हणाला, "पण उतार दिसला की गडी थांबायचाच न्हाई. पाय पायडलवरनं उचलून दोन्हीकडं पसरलेले, पिशवी उडून राहिली, शर्ट फुगलेला. लेकरावानी. आमी शाळेच्या ओट्यावरून बघायचो. वर्गात आले की खिशातला दगड टेबलावर. जाताना ठेवीन म्हणायचे. जाताना तरी कुठं, तिकडं बी उतारच की."

मी म्हटलं, "पण ते बसचं भाडं वाचवायला यायचे ना सायकलवर?"

"काय की. मग रविवारी काहून यायचे?"

"रविवारी स्कॉलरशिपचा जादा तास असायचा."

तो हसला. "स्कॉलरशिपला आमच्या गावातून बसलं कोण व्हतं, ताई? मी बसलो असतो तर आज हळद शिजवली असती का? रविवारी डोंगरावर धूळ दिसली की आमी पोरं ज्वारीत लपायचो. वाटायचं, अभ्यास तपासायला येऊन राहिले. ते यायचे, आमच्या आईच्या हातचं पाणी प्यायचे, अन् गेले परत."

म्हणजे जादा तास तुमचाच होता.

मला आधी राग आला. आई रविवारीसुद्धा पहाटे उठून तुम्हाला डबा द्यायची. मग परत येताना, चढावर, मी मधेच थांबून एकटीच हसले. आणि मग पुन्हा शंका आली. त्या पोरांनी तुम्हाला फक्त उतरताना बघितलं. चढताना कुणी बघितलं नाही. चढ माझ्यासाठी आणि उतार तुमच्यासाठी, असं होतं का? की दोन्ही तुमच्यासाठीच? आईला मी यातलं काहीच सांगितलेलं नाही. तिच्याकडून डोंगर काढून घेतला तर ती कुणावर चिडणार?

म्हणून ठरवलंय. उद्या दप्तरातला तो दगड नेऊन राशीत ठेवायचा. तुमचं राहिलेलं काम तेवढं पूर्ण करायचं आणि त्याच्याखाली हे पत्र. मग तुम्ही आणि तो बिननावाचा देव बघून घ्या.

इथपर्यंत काल लिहिलं होतं. आता रविवारची दुपार आहे.

आईला सांगून गेले की कालव्याच्या कडेने जाऊन येते. तिने डबा दिला. सायकलच्या जर्सीला मागे तीन खिसे असतात, मधल्यात दगड आणि पत्र. चिंचेखाली थांबले नाही. शेवटच्या चढाला ढकलावं लागलं, मग पुन्हा बसले. खिंडीत सपाट जागाच नाही, बाबा, हे मागच्या वेळी लक्षात आलं नव्हतं. चढ जिथे संपतो तिथेच उतार सुरू होतो. रास डाव्या हाताला दिसली, आणि चाक आपोआप पुढे गेलं.

खाली म्हातारीने पाणी दिलं आणि विचारलं, "आज तरी ठेवला का?"

"विसरले," मी म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली. "तुझा बाप बी असंच म्हणायचा."

पत्र घामाने ओलं होऊन दगडासोबत परत घरी आलंय. पंख्याखाली वाळत ठेवलंय, त्यावर तोच दगड. पण तुम्हाला म्हणून सांगते. मी विसरले नव्हते. पहिल्या वळणाच्या आधीच आठवलं होतं. दोन्ही बोटं ब्रेकवरच होती. दाबली नाहीत.