मला एकही ग्रेस मार्क नको

ता. १६ मे १९३८, सोमवार.
पुण्याहून परतले. बँकिंगची परीक्षा झाली. पेपर सोपा, इतका की लाज वाटावी. माझा अंदाज: शंभरात चौऱ्याहत्तर.
महिला पतपेढीच्या सेक्रेटरीची जागा आता माझीच. अट एकच, ही परीक्षा पास. पास किती मार्कांना हे मात्र नियमपुस्तकात नाही. ‘परीक्षक मंडळ ठरवील.’ हा काय कारभार?
मुंबईला मंडळाला पत्र लिहिले. पासाची मर्यादा साठ ठेवावी. ग्रेस मार्क देऊन आळशांचे लाड करू नयेत. मला स्वतःला एकही ग्रेस मार्क नको. पत्र निनावी वाटू नये म्हणून खाली माझा परीक्षेचा नंबर घातला, ११७.
शेजारी ११८ वर सुनंदा. माझीच विद्यार्थिनी. सोळा वर्षांपूर्वी गणितात एका मार्काने नापास केली होती. वडील मार्क मागायला आले, तेव्हा मी सांगितले होते, एका मार्काने मुलीचा कणा ताठ होतो. परीक्षेच्या हॉलमध्ये ती वाकून बसली होती.

ता. १७ मे. सकाळी.
पेपर पुन्हा सोडवून पाहिला. चौथ्या प्रश्नात घसारा वजा करायचा तो मिळवला. तत्त्व बरोबर, बाजू चुकली. सहासष्ट.
तरी रवळूला पोस्टात पाठवले, पत्र परत मिळते का पाहायला. रवळू शाळेत शिपाई होता, माझ्याबरोबरच पेन्शनीत निघाला. येऊन म्हणाला, बाई, डाक कालच्याच गाडीनं गेली की. एव्हाना मिरजेच्या लई म्होरं. वर विचारतो, काय वंगाळ लिवलंय व्हय त्यात?


ता. २३ मे.
स्वतःचा पेपर परक्याचा समजून तपासला. सत्तावीस वर्षांची सवय. लाल पेन्सिल हातात आली की माझे माझ्यावरही चालत नाही. एकावन्न.
साठ फार होतात. पन्नास म्हणजे शंभराचे बरोबर निम्मे. मंडळ पन्नासच ठरवील.

ता. २६ मे.
मोटारीने निपाणीस जाऊन आले. धुळीने पातळाचा रंग बदलला. तिथे परशराम म्हणून कारकून आहेत, याच परीक्षेत तीनदा नापास. म्हणजे या विषयातले तज्ज्ञच. ते म्हणाले, गेल्या साली मी सत्तेचाळीसला गेलतो बाई, म्हंजे अठ्ठेचाळीसला पास धरा. हिशेब पटला. मग म्हणाले, त्याच्या आदल्या साली मात्र एकोणपन्नासला गेलतो.
परतताना मोटार बंद पडली. दीड तास झाडाखाली. अठ्ठेचाळीस की पन्नास?

ता. २ जून.
पुन्हा तपासला. शेहेचाळीस. आता तपासणे बंद. तपासले की कमी होतात.
खरे तर पेपर अतिशय कठीण होता. हे मी हॉलमधून बाहेर पडतानाच ओळखले होते.
दुसरे पत्र लिहिले: मर्यादा पंचेचाळीस असावी, दोन-तीन ग्रेस मार्क देणे ही माणुसकी आहे, मागचे पत्र रद्द समजावे. पाकिटात घालणार तोच वाटले, तेच अक्षर, तोच नंबर. मंडळ काय म्हणेल? बुककीपिंगच्या पुस्तकात ठेवून दिले. पहिले पत्र कोणी वाचलेच नसेल. सरकारी खात्यात कोण वाचतो?

ता. ९ जून.
पतपेढीच्या अध्यक्ष यशोदाबाई आल्या. एक जुलैला नेमणूक. सुनंदानेही अर्ज केला आहे. मी म्हटले, मी पास आहेच समजा. त्या म्हणाल्या, समजू हो, पण कागद दाखवा.
संध्याकाळी गणपत गल्लीत सुनंदा भेटली. नवऱ्याची नोकरी गेली आहे, आता या जागेवरच तिचे घर चालायचे म्हणे. हळूच विचारते, बाई, ग्रेस देतात का हो? मी म्हटले, हिशेबात ग्रेस नसते. तिचा चेहरा उतरला. खरे बोलण्याचा माझा स्वभाव.

ता. २० जून.
निकाल वर्तमानपत्रात. फक्त पास झालेल्यांचे नंबर. ११६ आहे. ११८ आहे.
छपाईची चूक. मंडळाला तार केली.
रवळू म्हणाला, बाई, दुसरा पेपर आणू काय? आणवला. त्यातही तीच चूक.

ता. २८ जून.
मंडळाचे उत्तर. इंग्रजीत. मतलब असा: यंदा पासाची मर्यादा पंचेचाळीस. पेपर कठीण गेल्याने गरजूंना तीनपर्यंत ग्रेस मार्क दिले. आपले मार्क त्रेचाळीस. तथापि आपले १६ मेचे पत्र सभेत मोठ्याने वाचण्यात आले. आपल्या बाण्याचा मान राखून आपल्याला ग्रेस लावलेले नाहीत.
पंचेचाळीसचा माझा अंदाज अचूक ठरला. एवढे तरी नमूद करते.

ता. २ जुलै.
सुनंदा सेक्रेटरी. यशोदाबाईंनीच सांगितले, तिला बेचाळीस होते, वर तीन ग्रेसचे.
बेचाळीस!

ता. १० जुलै, रविवार. दुपारी.
पुन्हा बसणार आहे. सुनंदा आपण होऊन शिकवायला आली. नको म्हटले. ती पदर खोचून बसली. तिने सरावाचा पेपर दिला, मी सोडवला. तपासलाही मीच, लाल पेन्सिलीने. साडेचव्वेचाळीस. अर्धा मार्क घसाऱ्यावर गेला.
ती नियम दाखवायला बुककीपिंगचे पुस्तक उघडू लागली. मला आठवले, पण उशिरा. दोन जूनचे न पाठवलेले पत्र तिच्या मांडीवर पडले. तिने ते शेवटपर्यंत वाचले, घडी घातली, होते तिथे ठेवले. मग माझा पेपर ओढून साडेचव्वेचाळीसवर काट मारली आणि पंचेचाळीस लिहिले.
नको म्हणायला तोंड उघडले.
मिटले.