उंबऱ्याबाहेरून सांगितलेला प्रोग्राम

बाबा, तुमचा कॉम्प्युटर परवा चालू झाला. तुमच्या कॉम्प्युटर क्लासमधला, खिडकीजवळचा, ज्याच्यावर तुम्ही मला शिकवलं तो. क्लास बंद झाल्यावर बाकीचे भंगारात गेले. हा मात्र काकांनी शेलूबाजारला नेऊन ठेवला होता, कारण त्यांच्या दृष्टीनं तो त्यांच्या पोराला बक्षीस मिळवून देणारा कॉम्प्युटर. आता ते घर पाडून नवीन बांधतायत, ठेवायला जागा नाही, म्हणून तो माझ्याकडे आला. येताना जीपमध्ये मी मॉनिटर मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "टीव्ही बिघडला का वं?" मी हो म्हणाले. एवढं सगळं कुठून सांगायला सुरुवात करणार.

तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होते, त्यामुळे मी आता काय करते ते तुम्हाला माहीत नाही. मी जुने कॉम्प्युटर आणि जुने गेम मिळवते, दुरुस्त करते, चालवून बघते आणि त्यांचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकते. मराठीत. लोक बघतात. मंगरूळपीरच्या आपल्याच घरात, मागच्या खोलीत, जिथे वांग्यांचे कॅरेट ठेवायचो तिथे माझं टेबल आहे. मी एक पथ्य पाळते: मशीन जसं सापडलं तसं दाखवायचं. कोणता भाग बदलला, कुठे सोल्डरचा डाग दिला, ते सगळं सांगायचं, आणि आतलं एक अक्षरही बदलायचं नाही. लोक माझ्यावर विश्वास ठेवतात तो त्यामुळे. आणि तेच लोक सारखे विचारत होते, ताई, तुमचा पहिला कॉम्प्युटर कोणता, तो दाखवा ना. मी टाळत होते. त्या कॉम्प्युटरमध्ये एक गेम आहे, तो सुरू केला की पहिल्याच पडद्यावर एक नाव येतं, आणि ते नाव माझं नाही.

शाळेत जायच्या आधी मी तुमच्याकडेच शिकले. तुम्ही कीबोर्डची बटणं काढून साबणाच्या पाण्यात धुवायचे आणि वाळल्यावर ती माझ्याकडून जागच्या जागी बसवून घ्यायचे. मी जमिनीवर फतकल मारून बसलेय, पुढे परातीत बटणं आहेत, तुम्ही खुर्चीवरून म्हणताय, "पाठ नको करू. बोटाले माहीत झालं पाहिजे." माझ्या बोटांना माहीत झालं. शाळेत पहिल्या दिवशी मॅडमनी इंग्रजी अक्षरं म्हणायला सांगितली तर मी उभी राहून क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय म्हणत गेले. वर्ग हसला. मॅडमनी मला खाली बसवलं आणि चिठ्ठी दिली की घरी अभ्यास घ्या. तुम्ही ती वाचून इतके हसलात की डोळ्यांत पाणी आलं. मला जवळ घेऊन म्हणालात, "मशीन तोंड पाहत नाही पोरी. कोन लिहिलं, त्याले काही घेनं नाही. बरोबर असलं का चालते." हे वाक्य मी फार जपून ठेवलं होतं. तुम्हीच ते मोडाल असं वाटलं नव्हतं.

तो गेम मी सातवीत लिहायला घेतला, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी. मंगरूळपीरहून शेलूबाजारला एक जीप निघते, वाटेत माणसं भरत जायची, खड्डे चुकवायचे आणि मध्येच बकऱ्या येतात. बकरीला धक्का लागला की गेम संपला. माणसं जास्त भरली की जीप हळू होते, हे मला सुचलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. बकऱ्यांचा भाग राहिला होता. प्रदर्शन परवावर आलं आणि त्याच दुपारी माझी पाळी आली. आईनं तुमच्या कानावर घातलं. मी क्लासच्या दारात पोचले तर तुम्ही आतूनच हात केला. तुम्ही रोज त्या मशीनला उदबत्ती ओवाळायचे. दसऱ्याला झेंडूचा हार घालायचे आणि सीपीयूच्या डब्यावर कुंकवाचं बोट लावायचे.

"थांब तिथंच. चार दिवस हात नको लावू."

"बाबा, परवा प्रदर्शन आहे. बकऱ्या राहिल्या."

"मंग राहू दे ना. तोंडाले कोन नाही म्हनते? तोंडानं सांग. दादा टाइप करते."

दादा म्हणजे काकांचा मुलगा, माझ्याच शाळेत एक वर्ष पुढे. तेव्हा तो तुमच्या क्लासला यायचा, आणि मुख्यतः पत्ते खेळायचा, कॉम्प्युटरवरचे. तुम्ही त्याला खुर्चीवर बसवलं. मी उंबऱ्याबाहेर, जिथे सगळे चपला काढायचे, तिथे पोतं टाकून बसले आणि ओळीमागून ओळ सांगत गेले. पडदा मला दिसत नव्हता. क्लासची मुलं येता-जाता माझ्याकडे बघत होती आणि मी इथे का बसलेय ते सगळ्यांना कळत होतं.

"सेमिकोलन टाक," मी म्हणते.

"म्हंजे दोन टिंबं का?"

"दोन टिंबं नाही. वर टिंब, खाली स्वल्पविराम."

"सरळ सांग ना मंग, शेपटीवालं टिंब."

तुम्ही हसलात. मीही हसले, हेही लिहायला हवं, नाहीतर मी फक्त रडतच होते असं होईल. मग गेम चालला. बकऱ्या आल्या. दादा ओरडला, "मेली वं बकरी, मेली." आणि तुम्ही म्हणालात की वरती नाव टाकावं लागेल, प्रदर्शनात जो चालवून दाखवणार त्याचं. माझे चार दिवस तोवर संपत नव्हते, म्हणजे दादाचं. मी विचारलं, खाली माझं टाकू का. तुम्ही म्हणालात, "दोन नावानं गिचमिड दिसते." ती ओळसुद्धा मीच सांगितली, बाबा. प्रिंट, अवतरण चिन्ह, त्याचं नाव. इंग्रजीत त्यानं स्वतःच्याच नावात एक अक्षर कमी टाकलं होतं, ते तुम्ही वाचून दाखवल्यावर मी बाहेरून दुरुस्त करून दिलं.

बक्षीस मिळालं. बक्षीस घेतानाचा दादाचा फोटो तुम्ही क्लासच्या दारावर लावला, अगदी मी बसले होते त्याच्या वर. त्या संध्याकाळी तुम्ही पेढे आणले, पहिला पेढा मला दिलात आणि हळूच म्हणालात, "तुह्यंच आहे हे. मले माहीत आहे ना." मी किती वर्षं त्या वाक्यावर खूश होते. आता वाटतं, तुम्हाला माहीत नसतं तर मी तुम्हाला माफ केलं असतं. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही ते घरात म्हणालात, हळू आवाजात, पेढ्याबरोबर. क्लासमध्ये म्हणाला असतात तर एक वाक्यच तर लागलं असतं.

कॉम्प्युटर आणला हे कळल्यावर दादाचा पुण्याहून फोन आला. मोठ्या कंपनीत आहे तो, माणूस वाईट नाही.

"काय वं, काकाचा डब्बा उठला का?"

"उठेल."

"आपला गेम दाखवजो बरं. नाव नीट दिसलं पायजे. हापिसातल्या पोट्ट्यायले दाखवतो, म्हनलं पाहा, सातवी-आठवीत गेम लिहिला मी."

"दादा, कोणी लिहिला होता तो?"

"मीच तं टाइप केला. तू दारात बसून बडबड करून राह्यली होती, आठवते ना मले."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसंच आठवतं. टाइप केलं त्यानं आणि बडबड केली मी. तुम्ही त्याला दुसरं काही सांगितलंच नाही, तर त्यानं दुसरं काय आठवावं?

परवा रेकॉर्डिंग केलं. आत पालीची अंडी होती, पंख्याला कोळ्याची जाळी, डब्यावर तुमच्या कुंकवाचा काळा पडलेला ठिपका. हार्ड डिस्क कुरकुरली आणि चालली. गेम सुरू केला, नाव आलं. ती ओळ बदलायला मला मिनिट लागलं नसतं. पथ्य मोडून बदलायची नाही हे ठरलेलं होतं, पण तोंडानं काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. "दोघांनी मिळून केला" असं एक वाक्य मी तयार ठेवलं होतं, कोणाला न दुखवणारं. आई दारात उभी होती, हाताला कणीक.

"जे आहे थे सांग," ती म्हणाली, "पन मेलेल्या मानसाले लोकायसमोर खाली नको पाडू."

"मग दोन्ही कसं होईल, आई?"

मी कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं: हा गेम मी लिहिला आहे. नाव माझ्या चुलतभावाचं आहे, कारण तेव्हा माझी पाळी होती आणि माझ्या वडिलांनी मला कीबोर्डला हात लावू दिला नाही. एवढंच. परत रेकॉर्ड केलं नाही. आई आत गेली. आज सकाळी व्हिडिओ टाकला. दुपारपर्यंत काकांचा फोन आला, आईनं उचलला, माझ्याकडे दिला नाही. दादानं अजून काही लिहिलेलं नाही. खाली लोक लिहितायत, ताई, हिंमत लागते. एका मुलीनं लिहिलंय, बरं झालं तुम्ही असलं काही मानत नाही.

तिला मी उत्तर दिलेलं नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून इथे लिहिते. व्हिडिओत मी एक गोष्ट खोटी सांगितली आहे. कॉम्प्युटर आल्यावर इतके दिवस का लागले, तर नवीन पॉवर सप्लाय यायला उशीर झाला, असं मी म्हणाले. पॉवर सप्लाय मशीनच्या आधीच येऊन पडला होता. मशीन आलं त्याच रात्री माझी पाळी सुरू झाली. बाकीचे कॉम्प्युटर मी कोणत्याही दिवशी उघडते, मनातही काही येत नाही. तुमचा मी चादरीखाली झाकून ठेवला, आणि पाचव्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करून मग स्क्रू काढले. आईनं सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं.