चौथ्या टप्प्यातला तलाव

बाबा, तुमच्या खोलीतला तो जुना संगणक मी पुन्हा सुरू केला आहे. त्याचे कारण सांगण्यासाठीच आज लिहायला बसलो. एका प्रश्नाचे उत्तर आता केवळ तुमच्याजवळ असू शकते, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षे लोटली आहेत की तुम्हाला प्रश्न विचारण्याची सवयही मोडली आहे. तुमची सून मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस गेली. साकोलीहून तिला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेत होतो. गाडीत तिचे डोके माझ्या मांडीवर होते आणि डोळे मिटलेले होते. वैनगंगेच्या पुलावर चाकांचा आवाज बदलला, तेव्हा, तुम्हाला हाक मारायची तशीच, ती अगदी स्पष्ट म्हणाली, "मामाजी, तलाव लागला का?" मी खिडकीतून पाहिले आणि म्हणालो, "तलाव नाही, वैनगंगा आहे." त्यावर डोळे न उघडता, मला झटकून टाकण्याचा तिचा जो ठरलेला सूर होता त्या सुरात ती म्हणाली, "तुमाले नाही इचारलं. मामाजींले इचारलं." त्यानंतर ती फार बोलली नाही. तलावाचे तर नाहीच.

कोणता तलाव, हे मला कळले होते. आपल्या जिल्ह्यात तलावांना तोटा नाही, परंतु तुम्हा दोघांच्या बोलण्यात 'लागणारा' तलाव एकच होता, आणि तो संगणकावरच्या त्या मोटारीच्या खेळात होता. तो मी कधी पाहिला नव्हता. ती गेल्यानंतर जे जे पाहायचे राहून गेले असे मनात येत राहिले, त्यात तो तलाव सर्वांत पुढे येऊन उभा राहिला. तिने शेवटी जे विचारले, ते निदान डोळ्यांनी पाहावे, एवढीच इच्छा होती.

संगणक मी आणला होता तो महाविद्यालयाच्या वेळापत्रकांसाठी. नागपूरला बदलून गेलेल्या एका सहकाऱ्याने तो स्वस्तात दिला आणि सोबत कॅसेटींचा एक डबा दिला. दूरचित्रवाणी संचाला तार जोडायची, कॅसेट लावायची आणि ती किंचाळत असताना वाट पाहायची. त्या आवाजाला तुम्ही रातकिडे म्हणायचात. वेळापत्रके हातानेच लवकर होतात, हे मला महिन्याभरात कळले. मोटारीच्या शर्यतीची कॅसेट मात्र तुमच्या सुनेच्या हाती लागली, आणि दुपारी कामे आटोपल्यावर तिने ती तुमच्या खोलीत लावली. काचबिंदूने तोवर तुमची दृष्टी जवळजवळ नेली होती. उजेड आणि अंधार एवढेच वेगळे कळत असे. उभा जन्म पवनीच्या रस्त्यावर बस चालवलेला माणूस खाटेवर बसून दारातून जाणाऱ्या गाड्या कानांनी ओळखायचा, हे तिला पाहवत नसावे. अर्थात असे ती कधी म्हणाली नाही. ती एवढेच म्हणाली, "मामाजी, गाडी आली हाये. चाला, ड्यूटीवर बसा."

तुमची रीत मला दाराआडून ऐकू यायची. वेग आणि ब्रेक यांच्या कळा तुमच्या बोटांखाली, डावे-उजवे तिच्याकडे. एकच गाडी दोघे मिळून चालवत होतात. रस्ता ती पाहायची आणि मोठ्याने सांगायची. कुठे सोडायचे आणि कुठे दाबायचे ते तुम्ही ठरवायचात. मी मधल्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत बसलेलो असे. संच दाराकडे पाठ करून ठेवलेला होता, त्यामुळे मला पडदा कधी दिसला नाही. दिसले ते तुम्हा दोघांचे चेहरे. हिरवा उजेड, मग निळसर, मग बोगद्याचा काळोख. चेहरे दोन, त्यांवरून धावणारा उजेड एकच. आता आठवतो तो हाच उजेड. दुपारच्या पेंगुळलेल्या घरात तो कुठून कुठे जात आहे, असा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

"वळन येऊन राहिलं, मामाजी, डावीकडं!"

"किती वळन हाये?"

"लय हाये. सोडा, सोडा!"

"सोडलं ना वो. तू तिकडं कायले घुसून राहिली?"

"मी नाही घुसली, तो लाल गाडीवाला घुसला!"

"त्याले हॉर्न दे."

"याच्यात हॉर्न नाही ना, मामाजी."

"हॉर्न नाही, बैल नाही, पाशिंजर नाही. कोनं बनवला हा रस्ता?"

मी व्याकरण शिकवणारा माणूस. 'येऊन राहिलं' कानांवर पडले की माझी लाल लेखणी उत्तरपत्रिकेवरच अडखळत असे. एकदा न राहवून मी तिथूनच म्हणालो, "'वळण येत आहे' असे म्हणावे." ती हसली. तुम्ही हसला नाहीत. एखाद्या नव्या चालकाला सांगावे तशा गंभीरपणे तुम्ही म्हणालात, "तू म्हन 'येत आहे'. म्हनेपर्यंत वळन येऊन जाते. तिच्या बोलन्यात 'राहिलं' हाये, तिथं बिरेक लावायले जागा भेटते." त्याचे उत्तर कोणत्या व्याकरणात शोधावे, हे मला आजही माहीत नाही.

तिला आपल्या घरात आणलेत तेही तुम्हीच. कोंढ्याच्या तलावाजवळ बस तापून उभी राहिली होती, तुम्ही जवळच्या घरी पाणी मागितले, आणि बादली घेऊन आलेली मुलगी म्हणाली, "इंजिन थंडं होऊ द्या ना जरा. झाकन आता खोलाल तर हात भाजून घ्याल. कायले घाई करून राहिले?" घरी येऊन तुम्ही आईला सांगितलेत, सून पाहून आलो. माझे मत विचारले गेले ते साखरपुड्याचा दिवस ठरल्यावर. हा प्रसंग तुम्ही आल्यागेल्याला इतक्या वेळा ऐकवलात की कोंढ्याचा तो तलाव आमच्या संसारातला एक वडीलधारा नातलग होऊन बसला.

म्हणूनच खेळातल्या चौथ्या टप्प्यात ती "तलाव लागला, मामाजी!" असे ओरडली, तेव्हा तुम्हाला दुसरा कोणता तलाव सुचणार? "कोंढ्याचाच का?" तुम्ही विचारलेत. "त्याच्यासारखाच दिसून राहिला." मग रोजचे ठरून गेले. पहिला टप्पा शेतांचा, दुसरा डोंगरांचा, तिसरा बोगद्याचा, आणि बोगद्यातून बाहेर पडले की तलाव. तलावाच्या बांधाशी, त्या पाळीशी पोहोचलात की तुम्ही वेगाच्या कळेवरून बोट काढून घ्यायचात. शर्यत बुडायची, वेळ संपायची. "पानी किती हाये?" "भरला हाये, पार पाळीपर्यंत." "डोंगे?" "दोन हायेत. एक पाळीशी बांधून हाये, एकात मानूस हाये, जाळं टाकून राहिला." "भेटली का मासोळी?" "आता टाकलं ना जाळं, मामाजी, धीर धरा!" एवढा वेळ शर्यत उभी असायची. शर्यतीत कोणी असे थांबते का, असे मी एकदा विचारले. तुम्ही म्हणालात, "थांबा कुठं द्यावा, हे डायवर ठरवते."

एका संध्याकाळी वीज गेली. तेव्हा ती रोजच जायची. कंदील घेऊन मी तुमच्या दारात आलो तो पडद्याचा उजेड गेलेला आणि गाडीचा आवाज बंद. ती कळांवर हात ठेवून गप्प बसली होती. कंदिलाच्या उजेडात मला तिचा चेहरा दिसला. तुम्ही मान थोडी तिरपी केलीत आणि म्हणालात, "काहून थांबली? वळन सांग." ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने काळ्या पडद्याकडे तोंड वळवले आणि सांगू लागली, "उजवीकडं येऊन राहिलं, मामाजी. हळू." तुमचे बोट ब्रेकवर गेले. मी कंदील उंबऱ्यावर ठेवला आणि तिथेच उभा राहिलो. डोंगर ओलांडून, बोगद्यातून तुम्ही दोघे तलावापर्यंत गेलात. वीज येईपर्यंत तुम्ही तिथेच होतात.

तुमच्यानंतर तिने तो संगणक एका जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर ठेवला. मी एकदा म्हणालो, तू एकटी चालव. "एकटीनं कशी चालवू? वेग कोन देईल?" ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

या हिवाळ्यात मी ते गाठोडे सोडले. कॅसेटयंत्राचा पट्टा विरला होता. साकोलीच्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेले, तर त्याने यंत्र उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "सर, याच्यावर काय करून राहिले तुमी?" मी सांगितले, मोटार चालवायची आहे. त्याने पट्टा बसवला. "बसवला खरा, पन ग्यारंटी मागू नोका. कॅसेटच घासून गेली. चालते तोवर चालवा." आणि खरेच, दहा वेळा लावली तर एकदा चालते. प्रत्येक वेळी रातकिड्यांचा आवाज थोडा अधिक फाटलेला असतो. कॅसेट पुरती विरण्याआधी चौथ्या टप्प्यावर पोहोचायचे, एवढेच काम मी स्वतःपुढे ठेवले.

ते मला जमेना. पडद्यावरचा रस्ता माझ्याकडे धावत येतो, आणि मी वेग सांभाळतो तोवर चाके गवतात जातात. चाके सांभाळतो तोवर पुढच्या गाडीवर आदळतो. डोंगरांच्या पुढे मी कित्येक दिवस गेलो नाही. रिकाम्या घरात, दुपारी, खिडकी बंद करून एक सेवानिवृत्त प्राध्यापक गवतात मोटार घालतो आहे, हे दृश्य तुम्हाला आवडले असते. मग एके दिवशी डोंगरांच्या वळणावर माझ्या तोंडून आपोआप निघाले, "वळण येऊन राहिलं." मी स्वतःच दचकलो. परंतु गाडी वळली. पुढच्या वळणाला मी ते मुद्दाम म्हटले, जरा मोठ्याने, आणि ज्या ठिकाणी 'राहिलं' येते त्या ठिकाणी बोट ब्रेकवर टेकवले. तुम्ही सांगितलेली जागा तिथेच होती, बाबा. डावीकडे, उजवीकडे, सगळी वळणे मी तिच्या बोलीत म्हणत गेलो. बोगदा आला, काळोख झाला, आणि मी बाहेर पडलो.

तिथे तलाव नाही.

राखाडी माळ आहे. कडेला खांब आहेत, एकामागून एक येणारे. वर काळे आकाश. मला वाटले रस्ता चुकला, पण त्या खेळात रस्ता एकच आहे. कॅसेट पुन्हा लावली, पुन्हा फसली, दोन दिवसांनी लागली. या वेळी चौथा टप्पा शेवटपर्यंत चालवला, अंतिम रेषा ओलांडली. पाण्याचा एक ठिपकाही नाही. डोंगा नाही, पाळ नाही. तो सगळा तलाव तिने तुम्हाला सांगितला होता, आणि सांगता सांगता भरला होता.

तेव्हा माझा प्रश्न असा आहे. तुम्हाला हे ठाऊक होते का? पहिल्यांदा मनात आले की नसावे. तिने एका अंध म्हाताऱ्यासाठी प्रेमाने रचलेली ती गोष्ट होती. मग कंदिलाची संध्याकाळ आठवली. आवाज बंद झालेला तुम्हाला ऐकू आला होता. काळोख तुम्हाला कळत होता. तरी तुम्ही तिला वळण विचारलेत. मग तिला माहेरच्या काठावर उभे राहता यावे म्हणून तुम्हीच रोज बोट काढून घेत होतात का? ती तुमच्यासाठी पाहत होती आणि तुम्ही तिच्यासाठी थांबत होतात, असे असेल, तर शर्यतीत सर्वांत पुढे तुम्हीच दोघे होतात. आणि त्या पुलावर, डोळे मिटलेले असताना, तिने तुम्हाला हाक का मारली, हे आता मला कळते. या वेळी दिसत नव्हते ते तिला. रस्ता कोणी तरी सांगायचा होता.

काल दुपारी कॅसेट लागली. कदाचित शेवटचीच, आवाजावरून तसे वाटले. शेते गेली, डोंगर गेले. बोगद्यातून बाहेर आलो आणि वेगाच्या कळेवरून बोट काढले. गाडी हळू होत एका खांबाशी उभी राहिली. वरच्या कोपऱ्यात वेळ संपत होती, ती संपू दिली. राखाडी माळाकडे पाहत मी म्हणालो, "लागला. तलाव लागला. भरला हाये, पार पाळीपर्यंत. दोन डोंगे दिसून राहिले." घरात कोणी नव्हते. तरी उत्तर येण्याइतका वेळ मी दिला. पुढे पडदा केव्हा काळा झाला ते माझ्या लक्षात आले नाही. मी तलावावर बसून राहिलो.

हे पत्र कोठे पाठवायचे नाही, त्यामुळे ते तपासण्याची गरज नव्हती. पण सवयीने लाल लेखणी घेऊन वाचून काढले. तुम्हा दोघांची वाक्ये जशी होती तशी ठेवली. वरच्या परिच्छेदातल्या शेवटच्या वाक्यापाशी मात्र लेखणी थांबली. माझ्या मराठीत त्याचा अर्थ होतो, मी बराच वेळ बसलो, आणि मग उठलो. तिच्या मराठीत अर्थ होतो, मी अजून तिथेच बसलेलो आहे. वाक्य दोन्हींकडे शुद्ध आहे, खूण करण्याजोगे त्यात काही नाही. तुम्हाला म्हणून सांगतो, बाबा, ते मी तिच्या मराठीत लिहिले आहे.