‘चावी कुठंय’मधली अडखळ

३ मार्च, सोमवार

आज परत वाजलं! धुलाईघरात आम्ही सगळ्या रोलरवर चादरी घालत होतो. मुकादमानं रेडिओ लावला आणि ‘चावी कुठंय’ सुरू. नवीनच कुणीतरी म्हटलंय. पोरगी गिटार घेऊन नुसती रडतेय. अगं बाई, चावी हरवलीय, माणूस नाही मेलं!

पण कडवं संपल्यावर तो लांब ‘हो’ आलाच. आणि त्याच्या मधोमध ती अडखळ. घशात काहीतरी अडकून सुटल्यासारखी. सगळं गाणं बदललं, ती मात्र जशीच्या तशी.

मी म्हटलं, हा ‘हो’ मुळात माझ्या ताईचा आहे.

मुकादम म्हणाला, “झालं सुरू! अहो बाई, बत्तीस वर्षं झाली, मूळ गाणं म्हटलेल्या त्या मोठ्या गायिकेला जरा सुखानं गाऊ द्या की.” सगळ्या हसल्या. गरम उशीचा अभ्रा फेकला त्याच्यावर. लागला नाही. वाईट वाटलं.

५ मार्च

ताईनं दोन चमचे दूध घेतलं. तिसऱ्याला हात आडवा केला. मी ओरडले. मग लाज वाटली.

९ मार्च, रविवार

घरी एक मुलगी आली होती. चष्मा, खांद्याला पिशवी, हातात जाडजूड वही. ‘चावी कुठंय’चा इतिहास लिहितेय म्हणे. गाण्याचासुद्धा इतिहास असतो! म्हटलं, बस.

तिनं वही उघडून दाखवली. एकेचाळीस जणांनी हे गाणं परत गायलंय. बँडवाल्यांनी वाजवलं. धमधम करून नाचायचं केलं. कपडे धुवायच्या पावडरीच्या जाहिरातीत घातलं. लहान मुलांचं केलं. एक तर परक्या भाषेत आहे, त्यात चावीच नाही, कुत्रा हरवतो. मी म्हटलं बेचाळीस करा, सोमवारी एक रडकी ऐकली. तिनं लगेच लिहून घेतलं. कामाची मुलगी आहे.

मग मी तिला सगळं सांगितलं. मोठी गायिका यायच्या आधी दुसऱ्या कुणीतरी चाल गाऊन ठेवायची. मोठीनं ती ऐकून पाठ करायची, मग स्वतः गायचं, आणि आधीचा आवाज पुसून टाकायचा. त्याला डमी म्हणतात. ताई डमी गायची. एकवीस वर्षांची होती. पण या गाण्याला मोठीचा घसा बसला, वरचा ‘हो’ तिला निघेना, म्हणून ताईचाच ठेवला. त्या दिवशी ताईनं घरी येऊन सांगितलं. मी पंधराची होते, दारातच उभी होते. अजून दिसतं मला तिचं तोंड.

वहीवाली म्हणाली, “मावशी, कंपनी गाणं नव्यानं काढतेय. जुनं रीळ शुक्रवारी उघडणार आहेत. एकेक आवाज सुटा ऐकता येतो. ताईंचा निघाला तर नाव छापावंच लागेल त्यांना.”

बत्तीस वर्षं हेच तर म्हणत होते मी!

आत जाऊन ताईला सांगितलं. डॉक्टरांनी तिची घशातली पेटी काढली त्याला आठ महिने झाले. पाटीवर लिहून बोलते. तिनं लिहिलं — नको.

“नको काय नको? तुला काय कळतंय?”

तिनं पाटी पुसली आणि भिंतीकडे वळली.

१२ मार्च

दुखणं छातीत उतरलंय. डॉक्टर म्हणाले, दोन महिने धरा फार तर. मी म्हटलं, धरून काय करू? तो परत रिपोर्ट चाळायला लागला. लहान आहे बिचारा.

नाव त्याआधी छापून यायला पाहिजे. बस. दुसरं काही मागत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

गेले होते. सुट्टी मागितली नाही, टाकली.

कंपनीचं गोदाम. थंडगार. लोखंडी फडताळांवर नुसत्या चपट्या पेट्या. मशीनवाला म्हातारा बोटांनी चाचपून रीळ बसवत होता. म्हणाला, आधी शेकून घेतलंय, नाहीतर फितीवरचा लेप सुटून येतो. मनात म्हटलं, इथंही भट्टीच.

त्यानं ढोल बंद केला. मग बाकीची वाद्यं. मग फितीच्या तिसऱ्या पट्टीवरचा आवाज एकटा लावला. मोठी गायिका. स्वच्छ, भरलेला. ‘हो’ आला. अडखळ आली.

तिचाच होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत तिचाच. मला कुणी सांगायला नको, एका ओळीत कळलं.

वहीवाली माझ्याकडे बघेना. मी पिशवी उचलली. तेवढ्यात म्हातारा म्हणाला, “थांबा. चौथ्या पट्टीवर डमी राहिलीय. पुसायला विसरले लेकाचे.”

ताई!

बारीक आवाज. जरा घाबरलेला. मोठीसारखा नाहीच, खोटं कशाला लिहू. ‘हो’ घेतला, मध्येच श्वास अडकला, परत सापडला. गाणं संपलं. आणि मग ती बोलली. “चुकलं माझं. परत घेऊ का?” लांबून एक पुरुष — “राहू दे गं. डमीच तर आहे.”

वहीवाली ताडकन उठली. “मावशी! चूक होती ती! मोठ्या बाईंनी चुकीसकट पाठ केलं! आणि पुढच्या सगळ्यांनी त्यांचं बघून...” ती वहीची पानं उलटत सुटली. बँड, पावडर, कुत्रा. सगळे ताईच्या चुकीवर अडखळतायत.

मला त्यात काही नव्हतं. आठ महिन्यांनी ताई बोलली होती. म्हाताऱ्याला म्हटलं, गाणं नको, नुसतं बोलणं लावा. त्यानं लावलं. चार वेळा लावलं. शेवटी म्हणाला, “बाई, फीत झिजते.”

१५ मार्च

सांगितलं नाही. ताईला म्हटलं, रीळ उघडलंच नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, मी भांडी घासायला घेतली. धुतलेलीच.

१७ मार्च, सोमवार

मला पोटात ठेवता येत नाही. कामावरून आले, चप्पलसुद्धा काढली नाही. म्हटलं, तू नाहीयेस त्यात.

तिनं लिहिलं — माहीत आहे. मी तिथंच होते ना.

माझं डोकंच फिरलं! “मग बत्तीस वर्षं मला का बोलू दिलंस? दुकानात भांडले, लग्नाच्या मांडवात भांडले, बँडवाल्याची कॉलर धरली! मुकादम वेडी म्हणतो मला!”

पाटी छोटी. ती लिहायची, पुसायची, परत लिहायची. मी उभीच.

त्या दिवशी त्यांनी ‘उद्यापासून नको येऊ’ म्हणून सांगितलं होतं.

मग — तू दारात उभी. काय सांगणार?

मग — नंतर तू भांडायला लागलीस. मला बरं वाटायचं. माझ्यासाठी दुसरं कोण भांडलं?

मी म्हटलं, खोटारडी. ती हसली. आवाज नाही, नुसते खांदे हलले. गळ्यावरचा फडका वरखाली. मग मीही हसले. काय करणार.

नंतर सांगितलं, डमी सापडलीय. तुझी चूक सगळे गातात. तिनं दोनदा सांगायला लावलं. बोटांवर मोजून लिहिलं — बेचाळीस?

“आणि मोठी धरून त्रेचाळीस.”

१९ मार्च

वहीवालीनं कंपनीशी बोलणं केलं. गायिका म्हणून नाव देणार नाहीत, ते बरोबरच. ‘डमी’ म्हणून देतील, पण ताईच्या हातचं पत्र पाहिजे. मी म्हटलं, डमी म्हणून छापायचं असेल तर राहू द्या, त्यापेक्षा नको!

ताईनं पाटी आपटली. पहिल्यांदाच बघितलं तिला असं. लिहिलं — डमीच छापा. तेच काम होतं माझं.

२२ मार्च, शनिवार

पत्र लिहायला पूर्ण सकाळ गेली. चार ओळी. मध्ये दोनदा ऑक्सिजन. मी लिहिते म्हटलं तर डोळे वटारले. तुझं अक्षर कोंबडीचं, म्हणून खूण केली. खरंच आहे. मला तिनंच शिकवलं, मी शिकले नाही.

२४ मार्च

मुकादमाला खरं काय ते सांगून टाकलं. वाटलं आता उड्या मारणार. तो चादरी मोजायला निघून गेला. दुपारी रेडिओवर ते पावडरवालं लागलं तर आवाज मोठा केला आणि ‘हो’ आल्यावर बोट वर केलं. रोलरवरच्या सगळ्या थांबल्या. एक चादर करपली.

२८ मार्च

कंपनी म्हणते, कव्हरचा कागद आधी दाखवायला पाठवू. ताई रोज दाराकडे बघते. मी म्हटलं, पोस्टमनशी लग्न लाव एकदाचं. पाटीवर — टकला आहे.

१ एप्रिल

आज दूध नाही. पाणी कापसानं.

कागद आला नाही. फोन केला, ओरडले. दोन दिवसांत म्हणाले.

७ एप्रिल, सोमवार

कंपनीतून फोन. कागद आता छापायला जातोय, नावाच्या आधी कुमारी लावायचं की श्रीमती?

म्हटलं, कै. लावा.