तळघरातला कारखाना

कोथरूड, ४ फेब्रुवारी

चि. अस्मितास आजीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू घाईत बोलतेस, म्हणून लिहिते. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, चुका काढत बसू नकोस.

युद्ध लागल्यापासून इथे कशाचं काय झालंय! बागेतली घसरगुंडी उपटून पाण्याच्या टाक्या ठेवल्या. कोपऱ्यावरच्या मंगल कार्यालयाचं तळघर, जिथे आचारी कांदे ठेवायचे, ते आता आपला निवारा. गणपतीचा मांडव घालणाऱ्या सुदर्शनने बांबू, फळ्या आणि वाळूची पोती लावून दोन दिवसांत उभा केला. कार्यालयवाले मात्र अजून चपला बाहेर काढायला सांगतात. बॉम्ब पडला तरी सांगतील.

चिंता आहे ती तुझ्या आजोबांची. बागेत भोंगा बसवलाय. तो वाजला की लोक तळघराकडे पळतात आणि हे डबा मागतात. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जन्म गेला. बाकी सगळं विसरले, भोंगा तेवढा राहिला. परवा मी गॅस बंद करेपर्यंत हे बसथांब्याच्या वाटेला. रस्त्यावर दिवे नाहीत, गाड्या सुसाट. शेजारच्या राधाने स्कूटर आडवी घालून परत आणलं, तर तिलाच म्हणाले, हजेरी बुडाली तर तू भरून देणार का? कुलूप लावलं की दार बडवतात. तळघरात चला म्हटलं की विचारतात, लग्न कोणाचं?

काय करू, ते कळव.

तुझी आजी


नाशिक, ११ फेब्रुवारी

तीर्थरूप आजीस अस्मिताचा साष्टांग नमस्कार.

बाबा म्हणतात, आजोबांना विश्रांतवाडीच्या वृद्धाश्रमात ठेवू. तुझं उत्तर मी त्यांना आधीच सांगितलं, जरा सौम्य शब्दांत.

मीही इथे पालिकेत दिवसभर हेच करते. पुलाखाली, बाजाराच्या गाळ्यांत, जिथे जमेल तिथे निवारे. एवढं कळलं, की माणसांची वाट अडवायची नाही, निवाराच वाटेवर आणायचा. आजोबांना थांबवू नकोस. युद्धापुरता कारखाना तळघरात हलवलाय म्हणून सांग. सुदर्शनदादा दाराशी हजेरी घेतील का, विचार.

स्वतःला जप. माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझी अस्मिता


कोथरूड, २० मार्च

चि. अस्मितास आशीर्वाद.

तुझी युक्ती लागू पडली. भोंगा झाला की हे डबा घेऊन सगळ्यांच्या पुढे. सुदर्शन दाराशी नाव पुकारायचा, हे ताठ उभं राहून हजर म्हणायचे. इतकं खुशीत मी त्यांना लग्नातही पाहिलं नव्हतं.

मग युद्ध थांबलं. लोकांनी पेढे वाटले. कार्यालयात लग्न होतं, म्हणून सुदर्शनने एका दुपारीत सगळं उपसून टेम्पोत घातलं. भोंगाही नेला. हे मात्र रोज जाऊन तळघराच्या बंद दाराशी बसायला लागले. मला विचारलं, माझं काय चुकलं, म्हणून काढून टाकलं? या माणसाने आजारपणाची रजासुद्धा लाजत घेतली. मला तोंड बघवेना. म्हटलं, संप आहे.

घरी येऊन जेवायला बसले आणि अर्धी पोळी मोडून माझ्या ताटात टाकली. पगार बंद आहे, तू खा, म्हणाले. तेव्हापासून रोज तेच. दूध दिलं तर उधळी म्हणतात. संप नाही, अहो मी खोटं बोलले, असं सांगितलं, तर म्हणाले, माझं मन राखायला बोलू नकोस. हातातलं घड्याळ आता कोपराकडे सरकतं. डॉक्टर म्हणतात, खायला घाला. फार शिकलेत.

तू ये. गळ्यात ते ऑफिसचं ओळखपत्र घालून ये आणि संप मिटला म्हणून सांग. तुला ओळखणार नाहीत. रडायचं ते जिन्यात रडून घे; ओळखत नाहीत, हेच आपल्या कामाचं आहे. साहेब आले समजून ते उठतील आणि तुला सलाम करतील. तो घे. पाया पडू नकोस.

वाट बघते.

तुझी आजी