चिखल्याचे पाहुणे आणि तीन पिंपं

आगर, डहाणू
मंगळवार

तीर्थस्वरूप मामांस,

तुमच्या भाच्याचा, म्हणजे नयनचा, आगरहून नमस्कार. नमस्कार वाकून केला आहे असं समजावं. प्रत्यक्षात कंबर धरली आहे, आणि ती का धरली ते ओघाने येईल. तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचं ब्लडप्रेशर? वाणगावला थंडी पडली का? इथे समुद्राकाठी फारशी नाही, आणि असती तरी या आठवड्यात आमच्या घराच्या खिडक्या लावून घेणं कोणाला जमलं नसतं. (तेही ओघाने येईल.) वेणू बरी आहे, म्हणजे तब्येतीने, माझ्याशी बोलत नाही. किंजल सकाळी लॅबमध्ये जाते, संध्याकाळी येते, बोलतेही, पण आईशी.

तुम्ही माझा फोन दोनदा कापलात त्यावरून चिखल्याची बातमी वाणगावला पोहोचली हे मी ओळखलं. किंजलसाठी चिखले गावचं स्थळ तुम्ही आणलेलं, मनिष तुमच्या पाहण्यातला, शब्द तुमचा. तेव्हा राग आला तर तो रास्तच आहे. पण माझीही एक बाजू आहे आणि ती फोनवर मावत नाही, कारण ती कळायला आधी शाश्वतता कळावी लागते. (मामा, पत्र इथे बाजूला ठेवू नका. वेणू नेमकी इथेच उठून जाते.)

भावाने आमची मासेमारीची बोट चालवायला घेतल्यापासून मी जाळ्या-दोऱ्यांचं दुकान बघतो. गिऱ्हाईक कमी आणि वेळ जास्त, हा त्या धंद्याचा स्वभाव. मागच्या पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला होत्या तेव्हा डहाणूला एका संस्थेचं शिबिर भरलं. जेवण होतं म्हणून गेलो आणि संसाराचं वाटोळं करून घेऊन परत आलो. तिथे सांगितलं की आपली गरज भागली पाहिजे आणि आपल्या मागून येणाऱ्यांसाठीही काही उरलं पाहिजे, असं जगणं म्हणजे शाश्वत जगणं. मला ते बसल्या जागी पटलं. आपण बोटभर पापलेट जाळ्यात घेतो, विकतो, आणि मग मोठं पापलेट गेलं कुठे म्हणून समुद्राला शिव्या घालतो. व्याजावर जगावं, मुद्दल खाऊ नये, एवढीच गोष्ट. माझ्या शेजारच्या खुर्चीवर तलासरीच्या पलीकडच्या डोंगराळ गावातला सुदाम बसला होता. भात-नागली करतो, आणि माझ्यासारखंच त्यालाही सगळं लवकर पटतं. आमची दोस्ती तिथेच जमली. निघताना प्रत्येकाला एक कापडी पिशवी आणि एक टी-शर्ट मिळाला. टी-शर्टावर छातीभर हिरव्या अक्षरांत ‘मी पृथ्वीचा मित्र’ असं छापलं होतं.

सुरुवात मी घरापासून केली. (इथेच चुकलं. शहाणी माणसं दुसऱ्याच्या घरापासून करतात.) कमी वापरा, पुन्हा वापरा, आणि अगदीच इलाज नसेल तर रूप बदलून वापरा, हे तीन नियम वेणूला समजावले. क्रम महत्त्वाचा असतो मामा. लोक तिसऱ्यापासून सुरू करतात, म्हणजे आधी बाटल्या विकत आणतात आणि मग त्यांत मनीप्लांट लावतात. मी मोरीचं पाणी साठवून केळींना घालू लागलो. माझे जुने शर्ट शिंप्याकडे देऊन त्यांच्या बाजाराच्या पिशव्या करून घेतल्या. विजेची मोटर भावाला देऊन टाकली आणि बोअरवर उन्हावर चालणारा पंप बसवला, त्याची उन्हातून वीज करणारी पाटी गच्चीवर. वेणूने हे सगळं बघितलं आणि एवढंच म्हणाली, “माझी आई हेच करायची. तेव्हा त्याला गरिबी म्हणायचे.”

मग मंडळाच्या ओट्यावर चार माणसं जमवून कार्बनची पाऊलखूण समजावली. म्हणजे एखादी वस्तू आपल्या हातात पडेपर्यंत तिच्यापायी किती धूर झाला त्याचं मोजमाप. घोलवडचा चिकू सायकलवरून येतो, सफरचंद ट्रकात बसून अर्धा देश ओलांडतं. चिकूचं पाऊल लहान, सफरचंदाचं मोठं. मी इतकंच बोललो. दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळचा फळवाला माझ्या दुकानात येऊन बसला, कारण आगरमध्ये बोभाटा झाला होता की सफरचंदात धूर भरलेला असतो. त्याला चहा पाजला आणि त्याची समजूत पटावी म्हणून सफरचंदं विकत घेतली. ओट्यावरची सभा मात्र त्याआधीच मोडली होती, कारण माझ्या सख्ख्या भावाने सगळ्यांदेखत विचारलं, “आणि आपल्या बोटीच्या डिझेलचं पाऊल केवढं रे?”

इथे थांबलो असतो तर किंजलचा साखरपुडा सुखाने झाला असता. पण शिबिरात एक शेवटचा धडा होता, चक्राचा. निसर्गात कचरा नावाची गोष्टच नाही. एकाने टाकलेलं ते दुसऱ्याचं खाणं. आपण सरळ रेषेत जगतो, आणलं, वापरलं, फेकलं. ती रेषा वाकवून तिचं चक्र करायचं. मी आमच्या किनाऱ्याकडे बघितलं. मासळी साफ केल्यावर मुंडकी आणि आतडी वाळूत टाकतात, कुत्री ओढतात, वास सुटतो. तिकडे सुदामच्या जमिनीला खत हवं. मी त्याला फोन केला आणि दोन मिनिटांत दोघांनाही पटलं. मी मासळीचा कचरा गुळात मुरवून तीन पिंपं भरायची, त्याने टेम्पो घेऊन यायचं, आणि येताना साखरपुड्यासाठी पळसाच्या पत्रावळी आणायच्या, म्हणजे थर्माकोलच्या ताटल्या नकोत. टेम्पो भरलेला येणार, भरलेला जाणार. कागदावर इतकं सुंदर चक्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

सुदाम गुरुवारी यायचा होता आणि चिखल्याचे पाहुणे रविवारी. पण टेम्पो त्याच्या चुलतभावाचा, आणि चुलतभावाने तो वऱ्हाडाला दिला. सुदाम म्हणाला, रविवारी संध्याकाळी नक्की. म्हणजे पिंपं परसात उन्हात राहिली. तुम्हाला वाटेल, कोळीवाड्यात वासाचं काय कौतुक? मामा, ज्यांच्या सात पिढ्या मासळीत गेल्या त्या बायांनी नाकाला पदर लावला. वेणू म्हणाली, पाहुणे येणार आहेत, काहीतरी करा. म्हणून मी तिन्ही पिंपांची झाकणं घट्ट बसवली आणि वर दोरीने आवळली. जाळ्या-दोऱ्यांच्या दुकानदाराने मारलेली गाठ होती ती. वास थांबला. मला तेव्हा समाधान वाटलं होतं.

रविवारी दुपारी पाहुणे इको गाडीने आले, हाही मला शुभशकुन वाटला. मनिष, त्याचे वडील आणि आई दक्षाताई. मुलगा तुम्ही म्हणालात तसाच आहे, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, कमी बोलतो. किंजलने चहा दिला. ती त्याच्याकडे बघून हसली ते मी पाहिलं, आणि खोटं का सांगू, मला गलबलून आलं. तारखेपर्यंत बोलणं गेलं. तेवढ्यात परसातून ‘गुडुक’ असा आवाज झाला. मनिषच्या वडिलांनी शांतपणे विचारलं, “मागे काही शिजतंय का?”

हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता. इतक्या महिन्यांत मला आपणहून काही विचारणारा हा पहिला माणूस. मी त्यांना हाताला धरून परसात नेलं. वेणू दारातून डोळ्यांनी नको नको म्हणत होती ते मला दिसलं, पण तोपर्यंत मी रेषेवरून चक्रावर आलो होतो. ते पांढरा, इस्त्रीचा, परीटघडीचा शर्ट घालून आले होते. ऐकून घेत होते, मान हलवत होते. मी म्हटलं, बघा तरी, आणि मधल्या पिंपाची गाठ सोडली.

पुढचं सविस्तर लिहीत नाही. गुळात मुरणाऱ्या मासळीतून वायू निघतो आणि झाकण त्यासाठी सैल ठेवायचं असतं, एवढं सांगतो. झाकण शेजारच्या पेरूवर गेलं. बाकीचं मनिषच्या वडिलांवर. मी त्यांना धरायला धावलो तो त्याच राड्यावर घसरलो आणि कंबरेवर आपटलो. ते उभेच होते.

किंजल पाणी आणायला मोरीत धावली. नळ कोरडा. टाकी कोरडी. पंप दोन दिवस चाललाच नव्हता, कारण गच्चीवरची ती पाटी सपाट, तापणारी आणि कुत्र्या-मांजरांपासून लांब असल्यामुळे वेणूने तिच्यावर जवळा वाळत घातला होता. (जवळा उत्तम वाळला. आमच्या घरात उन्हाची ऊर्जा तेवढीच कामी आली.) शेवटी केळींसाठी साठवलेल्या मोरीच्या पाण्याने त्यांना आंघोळ घातली. मग कपड्यांचा प्रश्न. माझे शर्ट शोधले तर त्यांच्या पिशव्या झालेल्या. अंगावरचा शर्ट मी घसरलो तेव्हाच गेला. घरात पुरुषाच्या अंगात जाईल असं एकच कोरडं वस्त्र होतं. मामा, मनिषचे वडील माझ्या दारातून ‘मी पृथ्वीचा मित्र’ होऊन बाहेर पडले. समुद्राकाठच्या रस्त्याने चिखल्यापर्यंत काचा खाली करून गेले म्हणे, वासामुळे. वाटेत सगळ्यांनी वाचलं.

ते गेले आणि सुदामचा टेम्पो आला. पत्रावळींचे गठ्ठे त्याने आनंदाने माजघरात रचले. मग पिंपांपाशी गेला आणि म्हणाला, “अजून कच्चं हाय. महिनाभर मुरू दे. आता नेलं तर बायको मलाच घरात घेणार नाही.” आणि रिकामा टेम्पो घेऊन परत गेला. म्हणजे चक्राचा माझ्याकडे येणारा अर्धा भाग फिरला, जाणारा फिरला नाही. पत्रावळी आहेत, जेवणारे नाहीत. वेणू रोज मला त्यांच्यावरच वाढते आणि बघत बसते.

चिखल्याहून काही निरोप नाही. काल संध्याकाळी किंजल माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, “पप्पा, तुम्ही सगळ्या जगाच्या नातवंडांचा विचार करता. तुमची स्वतःची नातवंडं जगात यायची तर आधी माझं लग्न व्हायला हवं ना?” आणि उठून गेली. मामा, मी दुकानात एकटा बसून रडलो. एवढा वेळ मी पुढच्या पिढीसाठी सगळं करत होतो, आणि पुढची पिढी माझ्या घरात चहाचा ट्रे हातात धरून उभी होती, तिच्याकडे मी बघितलं नाही.

तेव्हा ठरवलं आहे. यापुढे कोणाला काही समजावणार नाही. पंप काढून टाकीन, शर्ट विकत घेईन. तुम्हाला एकच विनंती, एकदा चिखल्याला जाऊन यावं. मनिषचे वडील तुम्हाला मानतात. माझं काय व्हायचं ते होवो, पोरीचं मोडू नये.

मामींना नमस्कार सांगावा.

तुमचा,
नयन

ता. क. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात मनिषचा किंजलला फोन आला, किंजलने वेणूला सांगितलं आणि वेणूने मला. (म्हणजे बोलली.) स्थळ मोडलेलं नाही. दक्षाताई म्हणाल्या म्हणे की जो माणूस पाहुण्यांपासून इतकंसुद्धा लपवू शकत नाही, त्याच्या घरात फसवणूक होणार नाही. त्यांच्या फक्त दोन अटी आहेत. लग्नात मुलीच्या वडिलांनी भाषण करायचं नाही, आणि साखरपुड्याआधी उरलेली पिंपं घरातून गेली पाहिजेत. वेणूने मला न विचारता दोन्ही कबूल केल्या. तेव्हा वर लिहिलेली विनंती रद्द समजावी. गुडघ्यांना उगाच त्रास नको.

ता. ता. क. दुसऱ्या अटीबद्दल थोडं. तुमच्या वाडीत मिरची आहे. मिरचीला या खतासारखं दुसरं खत नाही, हे शिबिरातही सांगितलं होतं. मागच्या कोपऱ्यात, चिंचेखाली, महिनाभर दोन पिंपं कोणाच्या दृष्टीसही पडणार नाहीत. झाकणं मी आता सैल ठेवली आहेत. मामींना सांगण्याची घाई करू नये.

ता. ता. ता. क. पोस्टाने उशीर लागेल म्हणून हे पत्र सुदामच्या हाती पाठवतो आहे. चुलतभावाचा टेम्पो आज मोकळा होता. पत्र तुमच्या हातात दिलं की तुम्ही ते वाचून होईपर्यंत मागच्या बाजूला जायचं, असं त्याला सांगितलं आहे. पिंपं जड आहेत, एकट्याला उतरवायला वेळ लागतो. पत्र थोडं लांबलं ते त्यासाठीच.